औषधशाळेची पहिली पायरी

२०२५ च्या दिवाळीतली गोष्ट. घराची साफसफाई चालली होती. माळ्यावरून उतरविलेल्या वह्यांचा ढीग पुढ्यात घेऊन सौ. रद्दीची निवड करीत बसल्या होत्या. आमची नात औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षात गेली होती. तिच्या पहिल्या वर्षाच्या वह्या ठेवायच्या की द्यायच्या हा प्रश्न होता. सौ.नी सहज एक वही उघडली आणि मोठ्याने वाचू लागल्या :

"ओवा, बडीशेप, दालचिनी, लवंग, वेलदोडा, जायफळ, सुंठ, हिंग... अगं, ही कॉलेजची वही की वाण्याची यादी? एवढं शिकायला वसतिगृहात कशाला राहायला हवं? माझ्या स्वयंपाकघरात आली असतीस तर चार दिवसांत शिकवलं असतं!"

नात हसली. "आजी, पुढचं पान तर बघ. त्यात चिठ्ठी कशी चिकटवायची ते शिकवलंय!"

मीही हसलो, पण हसता हसता मला १९६८ साल आठवले. त्या वर्षी मी अशाच एका औषधशाळेत नाव घातले, तेव्हा आमचे वडील म्हणाले होते, "बाटल्या भरायला कॉलेज कशाला लागतं? आपल्या डॉक्टरांचा कंपाउंडर कुठल्या कॉलेजात गेला होता?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पुढे मी हाच विषय शिकविण्यात सारी उमर घालविली, आणि वडिलांच्या त्या प्रश्नाचे उत्तर मला वर्षावर्षाने थोडे थोडे सापडत गेले. पहिल्या वर्षाला शिकवितात त्या गोष्टी वरवर पाहता क्षुल्लक असतात : वजन करणे, माप वाचणे, बिया ओळखणे, चिठ्ठी चिकटविणे. परंतु यांतल्या एकेका क्षुल्लक धड्यामागे एक इतिहास आहे, आणि बहुधा तो कुणाच्या तरी मृत्यूचा इतिहास आहे. तो सणाच्या दिवशी सांगावा की नाही, याचा मी थोडा विचार केला. पण घराघरात औषधाची बाटली असतेच, तेव्हा तिची कथाही घरात सर्वांनी मिळून वाचावी हे बरे.

आधी त्या कंपाउंडरला नमस्कार केला पाहिजे. आज साठी उलटलेल्या वाचकांना तो आठवत असेल. दवाखान्यात जाताना घरून बाटली धुऊन न्यावी लागे. लाकडी जाळीआड कंपाउंडर उभा असे. तो डॉक्टरांची चिठ्ठी पाहून दोन-चार मोठ्या बरण्यांतून काही ओती, पाणी घाली, बूच लावून बाटली हलवी, आणि कडेला खाचा पाडलेली कागदाची पट्टी तिला डकवी. एक खाच म्हणजे एक डोस. त्या औषधाचा लाल रंग पोटशुळापेक्षाही अधिक आठवणीत राहिला आहे. पोटाच्या औषधात वेलदोड्याचा अर्क असे, आणि त्या अर्काला लाल रंग येई तो निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनिल नावाच्या किड्यापासून! हे तेव्हा कळले असते तर कित्येक सोवळ्या आजीबाईंनी बाटली अंगणात फेकली असती.

कंपाउंडर हुशार असे, कष्टाळू असे. पण तो शिकला होता पाहून पाहून. ज्याच्या हाताखाली तो शिकला त्याची चूकही तो शिकलेला असे. आपल्याकडे हे काम शाळेत शिकविण्याचा विचार तसा नवा नाही. गोव्यात १८४२ साली पोर्तुगीजांनी वैद्यकशाळा काढली, तेव्हा तिच्यात औषधे तयार करण्याचे शिक्षणही होते. पुढे मद्रास आणि बंगाल इलाख्यांत कंपाउंडरांचे वर्ग निघाले. पण बाजार मोठा आणि शाळा थोड्या. कुणीही काहीही कुटावे, कुठलीही चिठ्ठी लावावी आणि विकावे, अशी अवस्था होती. अखेर १९३० साली सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिने देशभर साक्षी घेऊन १९३१ साली अहवाल दिला. औषधांवर कायद्याचा अंकुश हवा आणि ती हाताळणारा माणूस शिकलेला हवा, हे त्या अहवालाचे सार. १९३२ साली काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात महादेव लाल श्रॉफ यांनी या विषयाचे विद्यापीठीय शिक्षण सुरू केले. १९४० साली औषधांचा कायदा झाला, १९४८ साली फार्मसीचा. जुन्या कंपाउंडरांना अनुभवाच्या जोरावर नोंदणीपुस्तकात जागा मिळाली. त्यांच्या मागून येणाऱ्यांना मात्र शाळेची पायरी चढणे भाग पडले.

आज पदविकेच्या पहिल्या वर्षाला पाच विषय असतात : औषध तयार करणे, औषधी रसायनशास्त्र, औषधी वनस्पतींची ओळख, मानवी शरीर, आणि समाजाच्या आरोग्याचा विचार. सौ.च्या हाती लागली होती ती तिसऱ्या विषयाची वही. तेव्हा तिथूनच आरंभ करू.

या विषयाचा आपल्याकडचा पहिला छापील ग्रंथ गोव्यातच निघाला. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य तीस वर्षे या भूमीत राहिला. मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात दोन वैद्यांचे संवाद आहेत. एक नवखा विचारतो, दुसरा सांगतो. हिंग कशाचा, दालचिनी कुठली, धोतरा खाल्ला तर काय होते. चोर दुसऱ्याच्या अन्नात धोतरा मिसळून त्याला कसे भ्रमिष्ट करतात, हेही त्यात आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात मुंबईने या कामी मोठी भर घातली. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकविणारे डॉ. सखाराम अर्जुन यांनी १८७९ साली मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधींची सूची प्रसिद्ध केली. डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून वाचक त्यांना ओळखत असतील. त्यांचे हे काम मात्र फारसे कुणाला ठाऊक नाही. सरकारी औषधभांडाराचे प्रमुख विल्यम डायमॉक यांनी दोघा सहकाऱ्यांसह १८८९ ते १८९३ या काळात हिंदुस्थानी वनौषधींचा तीन खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. आणि लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी बसूंसह रचलेला प्रचंड ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९१८ साली बाहेर आला.

एवढ्या विद्वानांनी वाण्याच्या दुकानातल्या वस्तूंवर आयुष्ये का घालवावीत? कारण वस्तू ओळखणे वाटते तितके सोपे नाही. धोतऱ्याचे बी आणि मिरचीचे बी यांचेच घ्या. दोन्ही चपटी, दोन्ही मूत्रपिंडाच्या आकाराची. धोतऱ्याचे बी जरा मोठे, तपकिरी, खरबरीत, मिरचीचे पिवळसर. शेजारी ठेवली तर फरक दिसतो. कालवणात पडल्यावर दिसत नाही. वाटसरूंना लुबाडणाऱ्यांनी याचा फायदा पिढ्यान्‌पिढ्या घेतला. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण अमेरिकेतून अँगोस्टुरा नावाची साल तापावर येई. तिच्यात दुसरीच एक साल मिसळून गेली आणि माणसे झटके येऊन दगावू लागली. ती साल निघाली आपल्या कुचल्याची, म्हणजे काजऱ्याची. तिच्यात स्ट्रिकनीनसारखी जहाल विषे असतात. सालीला चेहरा नसतो. तिचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला म्हणजे मग तिची ओळख पटते.

म्हणून पहिल्या वर्षाच्या मुलांना सूक्ष्मदर्शक देतात. आरंभ असतो घरातल्या पिठांनी. बटाट्याचे पिष्टकण शिंपल्यासारखे, एका टोकाकडून वलये पसरत गेलेले. मक्याचे कोनदार, मधोमध चांदणीसारखी भेग असलेले. तांदळाचे अगदी बारीक आणि एकमेकांना बिलगलेले. गव्हाचे थाळीसारखे, लहानमोठे मिसळलेले. मी हे सांगितले तेव्हा सौ.नी हातातली वही जरा वेळ खाली ठेवली. चकलीच्या भाजणीत दुकानदाराने काय घातले हे त्या दुर्बिणीतून दिसेल का, एवढेच त्यांनी विचारले. दिसेल, हे मी सांगताच नातीचा भाव घरात एकदम वधारला.

दुसरा विषय औषध तयार करण्याचा. आमच्या वेळी त्याचा आरंभ वजनांनी होई. देशात मेट्रिक पद्धत १९५८ पासून लागू होऊ लागली होती, तरी डॉक्टरांच्या लेखणीतून ग्रेन आणि ड्रॅम गेले नव्हते. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा. आपली गुंज जशी एक बी, तसाच तोही. सोनाराच्या हिशेबात आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. इंग्रज अमदानीत ठरलेला तोळा १८० ग्रेनांचा. औषधवाल्यांचा हिशेब वेगळा : वीस ग्रेनांचा स्क्रूपल, तीन स्क्रूपलांचा ड्रॅम, आठ ड्रॅमांचा औंस. त्यात आणखी गंमत अशी की किराणा मालाचा औंस साडेचारशे ग्रेनांहून कमी, तर औषधांचा ४८० ग्रेनांचा. चिठ्ठीत ड्रॅमची खूण आपल्या ३ च्या आकड्यासारखी असे, आणि तिच्या डोक्यावर आणखी एक वळसा दिला की ती औंसाची होई. एका वळशात औषध आठपट! डॉक्टरांची अक्षरे कशी असतात ते वाचकांना सांगायला नकोच. आज ते ड्रॅम गेले. पण नातीच्या वहीत त्यांचा वारस आहेच. अर्धा लिहायचा तर टिंबाच्या आधी शून्य लिहावे, नुसते टिंब देऊन पाच लिहू नये; टिंब पुसट झाले की अर्ध्याचे पाच होतात.

चिठ्ठ्यांची लॅटिन मात्र अजून टिकून आहे. "टी. डी. एस." म्हणजे दिवसातून तीन वेळा, "एच. एस." म्हणजे झोपताना. आमच्या वर्गात एक खेडवळ मुलगा होता. त्याला हे पाठ होईना. मग त्याने आपल्या आजोबांची कालनिर्णयाची पद्धत लावली. न्याहारी, दुपार, दिवेलागण अशा खुणा करून त्याने सारी लॅटिन आठवड्यात मुखोद्गत केली.

आता चिठ्ठी चिकटविण्याकडे वळू. नात जिला हसली तीच ही गोष्ट. १८५८ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड गावी बाजारात पेपरमिंटच्या गोळ्या विकल्या गेल्या. त्या काळी साखर महाग, म्हणून मिठाईवाले तिच्यात प्लास्टरसारखी स्वस्त पांढरी पूड मिसळीत. मिठाईवाल्याने ती पूड आणायला माणूस औषधवाल्याकडे पाठविला. औषधवाला आजारी होता. नव्या उमेदवाराने पूड कुठे आहे ते विचारले. कोपऱ्यातल्या पिंपात, असे उत्तर मिळाले. त्याने शेजारच्या पिंपातून बारा पौंड पांढरी पूड मोजून दिली. ती होती सोमल. दोनशेहून अधिक माणसे आजारी पडली, सुमारे वीस मेली; त्यांत लहान मुले होती. त्या उमेदवाराने वजनात चूक केली नव्हती. हिशेबात चूक केली नव्हती. त्या पिंपावर ठळक चिठ्ठी असती आणि ती वाचायची सवय त्याला असती, तर पुढचे काही घडले नसते. या प्रकरणाने इंग्लंडात मोठी खळबळ उडाली, आणि १८६८ च्या फार्मसी कायद्यामागे जी लोकभावना होती तिला यातून बळ मिळाले.

तेव्हापासून म्हणा किंवा त्याच्याही आधीपासून म्हणा, या शाळेत एक मंत्र देतात : चिठ्ठी तीनदा वाचावी. बाटली फळीवरून उचलताना एकदा, औषध ओतताना एकदा, बाटली परत ठेवताना एकदा. ओतताना चिठ्ठी तळहाताकडे ठेवावी, म्हणजे ओघळ तिच्यावर येऊन अक्षरे पुसत नाहीत. माप डोळ्याच्या रेषेत धरावे आणि पाण्याची खालची कड वाचावी. हे सारे ऐकायला पाच मिनिटे लागतात. हाताला वळण लागायला वर्ष लागते.

"बाटली हलवून घ्यावी" हे तीन शब्द आपण सगळे वाचतो आणि विसरतो. त्यांचीही कथा आहे. जुन्या काळी शक्तिवर्धक म्हणून अगदी अल्प प्रमाणात स्ट्रिकनीन देत. त्याच मिश्रणात ब्रोमाइड पडले तर स्ट्रिकनीनचे बारीक स्फटिक बनून तळाशी बसतात. वरचे सगळे डोस निरुपद्रवी. शेवटच्या डोसात मात्र सगळ्या बाटलीतले विष गोळा झालेले. दोन द्रव्ये वेगवेगळी चांगली असली तरी एकत्र नांदत नाहीत, त्याचा हा ठळक नमुना. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या टॉर्कीच्या औषधालयात एक तरुणी काम करीत होती; १९१७ साली तिने औषधविद्येची परीक्षाही दिली. तिने हा धडा वहीत न ठेवता गोष्टीत घातला. १९२० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या पहिल्या कादंबरीतला खून याच युक्तीने होतो. ती लेखिका म्हणजे अगाथा ख्रिस्ती. खुनी कोण ते मी सांगत नाही. दिवाळीच्या सुट्टीत ज्याने त्याने वाचावे.

या विषयातला एक प्रसंग माझ्या स्वतःच्या वाट्याला आला, तो सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. मला दोन औषधे करायला आली होती : एक एरंडेलाचे पोटात घ्यायचे दुधट मिश्रण, दुसरे टर्पेंटाइनचे अंगाला चोळायचे. एरंडेलाच्या मिश्रणाला चार भाग तेल, दोन भाग पाणी आणि एक भाग डिंक असे प्रमाण. खलात एकाच दिशेने, एकाच वेगाने घोटत राहायचे. जमले की बत्त्याखाली चटचट असा आवाज येतो. तो आवाज ऐकण्यासाठी आम्ही मुले देव पाण्यात घालून बसत असू. त्या दिवशी मला तो पहिल्याच झटक्यात आला. दोन्ही मिश्रणे अशी पांढरीशुभ्र उतरली की मीच माझ्यावर खूष झालो. चिठ्ठ्या सुवाच्य लिहिल्या, सरळ चिकटविल्या आणि बाटल्या टेबलावर ठेवून उभा राहिलो.

आमच्या सरांनी एक बाटली उचलली, बूच काढले, हुंगली, आणि माझ्याकडे पाहिले. मी चिठ्ठ्यांची अदलाबदल केली होती.

"सर, वासावरून कळतंच की," मी चाचरत म्हणालो.

"ज्याला सर्दी झालीय त्याला?" सर म्हणाले. "रात्री दिवा न लावता मुलाला चमचा पाजणाऱ्या आईला?" एवढे बोलून त्यांनी दोन्ही बाटल्या मोरीत ओतल्या. "औषधं उत्तम झाली होती हो. पण रोगी गेला." मला शून्य गुण मिळाले, आणि ती परीक्षा पुन्हा द्यावी लागली. त्या वेळी मला त्यांचा फार राग आला होता. पुढे मी परीक्षक झालो तेव्हा एवढे कठोर होणे मला दोनच वेळा जमले, आणि जिथे जमले नाही ती मुले अजून अधूनमधून आठवतात.

आता रसायनशास्त्र. या वर्षात मुले जे प्रयोग करतात त्यांतले बरेचसे मर्यादेचे असतात. औषधात अशुद्ध द्रव्य आहे की नाही, असा प्रश्न नसतो. ठरविलेल्या मर्यादेच्या आत आहे का, असा असतो. पहिल्याच दिवशी मुले नळाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकतात आणि स्वच्छ दिसणारे पाणी दुधाळ होते. डोळ्यांना स्वच्छ दिसते ते स्वच्छ असतेच असे नाही, हा धडा तिथे मिळतो. सोमलाचा प्रयोग त्याहून नाजूक. जस्त आणि आम्ल यांच्या योगाने सोमलाचा वायू करायचा, तो मर्क्युरिक क्लोराइड लावलेल्या कागदावरून जाऊ द्यायचा, आणि उमटलेला पिवळा डाग प्रमाण डागाशी ताडून पाहायचा. नातीच्या वहीत तो डागाचा कागद चिकटवलेला होता. वाळलेल्या झेंडूच्या पाकळीसारखा.

या पिवळ्या डागाचे महत्त्व १९०० साली मँचेस्टर आणि आसपासच्या लोकांना कळले. तिथे बीअर पिणाऱ्यांचे हातपाय बधिर होऊ लागले. डॉक्टरांना आधी वाटले, दारूचाच हा परिणाम. शोध घेता घेता असे आढळले की बीअरमध्ये सोमल होता. बीअरमध्ये तो आला साखरेतून. साखर केली होती गंधकाम्लाच्या साहाय्याने. आणि ते गंधकाम्ल झाले होते सोमल असलेल्या खनिजापासून. सहा हजारांच्या आसपास माणसे आजारी पडली, सत्तरच्या आसपास मेली. चार हातांतून माल गेला, आणि प्रत्येकाने आधीच्याच्या मालावर विश्वास टाकला. यातले एक कुणी तो डाग पाहिला असता तर साखळी तुटली असती.

इथवर मी जुन्या गोष्टी सांगत होतो, म्हणून सौ. निर्धास्त ऐकत होत्या. पण नातीने एकदम विचारले, "आजोबा, मध्य प्रदेशातली ती मुलं?" त्या दिवसांत वर्तमानपत्रे त्याच बातमीने भरली होती. छिंदवाड्याच्या भागात खोकल्याचे औषध घेऊन वीसहून अधिक बालकांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि ती दगावली. औषधात डायएथिलिन ग्लायकॉल निघाले.

हे द्रव्य फार जुने वैरी आहे. रंगाने पाण्यासारखे, चवीला गोड, ओतताना ग्लिसरीनसारखे दाट, आणि स्वस्त. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध पातळ स्वरूपात देण्यासाठी एका कारखान्याने ते याच द्रव्यात विरघळविले. ते विषारी आहे का हे न तपासताच बाजारात आणले. शंभराहून अधिक माणसे मेली. आणि गंमत, गंमत कसली, दैवदुर्विलास असा की विषारी औषध विकले म्हणून पकडावे असा कायदाच तेव्हा तिथे नव्हता. पकडता आले ते एका शब्दामुळे. कारखान्याने औषधाला 'एलिक्झिर' म्हटले होते, आणि एलिक्झिर म्हणजे ज्यात अल्कोहोल असते ते गोड औषध. याच्यात अल्कोहोल नव्हते, म्हणून चिठ्ठी खोटी, म्हणून माल जप्त! पहिल्या वर्षाची मुले जी व्याख्या कंटाळून घोकतात, तिने त्या वर्षी उरलेल्या बाटल्या जप्त करवून किती जीव वाचविले असतील. १९३८ साली अमेरिकेने नवा कायदा केला : आधी सुरक्षितता दाखवा, मग विका.

परंतु एका देशाने शिकलेला धडा दुसऱ्याला आपोआप येत नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले चौदा रुग्ण दगावले. ग्लिसरीनमध्ये तेच द्रव्य होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी केली, आणि खरेदी, तपासणी, परवाने या सगळ्या साखळीतले ढिलेपण लोकांपुढे मांडले. २०२२ साली आफ्रिकेतल्या गांबियात आपल्या देशातून गेलेल्या खोकल्याच्या औषधांशी सत्तरच्या आसपास बालकांच्या मृत्यूचा संबंध जोडला गेला. आणि मग २०२५.

"पण मग हे ओळखतात कसं?" सौ.नी विचारले. आता त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती.

उत्तर नातीने दिले. तिने पहिल्या वर्षाचीच वही उलगडली. विशिष्ट गुरुत्वाची छोटी कुपी असते. ती रिकामी तोलायची, पाण्याने भरून तोलायची, मग द्रवाने भरून. शुद्ध ग्लिसरीनचा आकडा १.२६ च्या जवळ येतो. या विषाचा १.१२ च्या. थोडी भेसळ असली तर एवढ्याने खात्री होत नाही. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफी नावाची यंत्राची परीक्षा लागते. पण पिंपावर 'ग्लिसरीन' लिहिले आहे म्हणून आत ग्लिसरीनच आहे असे मानू नये, एवढे तर पहिल्या वर्षाच्या मुलीलाही शिकविलेले असते. ब्रॅडफर्डचा धडा होता चिठ्ठी वाचण्याचा. हा त्याच्या पुढचा : चिठ्ठीवर भागवू नये.

उरलेल्या दोन विषयांबद्दल थोडक्यात सांगतो. शरीरशास्त्र मुलांना आवडते, कारण ते स्वतःविषयी असते. गिळलेली गोळी कुठे विरघळते, यकृतात तिचे काय होते, मूत्रपिंड तिला बाहेर कसे टाकते, हे समजल्यावर डोसाचे आकडे नुसते आकडे राहत नाहीत. पाचवा विषय आमच्या वेळी नव्हता. लसीकरण, आहार, स्वच्छता, साथी यांची माहिती देऊन फार्मासिस्टला दुकानाच्या फळीपलीकडे नेणारा हा विषय आहे, आणि तो आला हे चांगले झाले. पूर्वीचा कंपाउंडर फार बोलत नसे. आताच्या मुलांनी बोलले पाहिजे. आजीबाईंना गोळी जेवणाआधी की नंतर, हे समजेपर्यंत सांगितले पाहिजे.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना द्यायचे राहूनच गेले. बाटली भरायला कॉलेज लागत नाही, हे त्यांचे म्हणणे खरेच होते. भरलेल्या बाटलीत काय आहे हे आपल्याला ठाऊक आहे, असे समजण्याची जी सवय प्रत्येक माणसाला असते, ती मोडायला मात्र कॉलेज लागते; आणि ती पहिल्या एक-दोन वर्षांतच मोडावी लागते. पुढे हात सराईत झाले की ती मोडत नाही.

वह्या रद्दीत गेल्या नाहीत. सौ.नी त्या स्वतःच कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात डोकावलो, तर नात स्टुलावर चढून वरच्या फळीवरच्या बरण्या खाली काढीत होती. चार बरण्या, चारही सारख्या, चारहींत पांढरी पूड : खायचा सोडा, धुण्याचा सोडा, दळलेली तुरटी आणि लिंबाचे सत्त्व. गेली चाळीस वर्षे सौ. त्या नुसत्या जागेवरून ओळखत आल्या होत्या.

"मला माहीत आहे गं कुठे काय आहे ते," त्या म्हणत होत्या.

"तुला माहीत आहे, आजी. पण तू देवळात गेलीस आणि आजोबा फराळ करायला बसले तर?"

सौ.नी एकवार माझ्याकडे पाहिले. मग कपाटातून कात्री, कागद आणि खळ काढून तिच्या हाती दिली.